राजाच्या नाकावरचा कोळी

कोळी उतरला तो थेट राजाच्या नाकासमोर!

राजा गर्जनसेन भर दरबारात सांगत होता, "मी वाघाला नुसत्या हातांनी लोळवलं! भीती म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊकच..." आणि "नाही" म्हणायच्या आतच छतावरून एक धागा सुटला. धाग्याच्या टोकाला आठ पाय.

"आई गं!" अशी किंकाळी उठली आणि महाराज सिंहासनावर उभे! मुकुट घरंगळत पायऱ्यांवरून खाली गेला.

दरबारातल्या सगळ्यांनी माना फिरवल्या. कुणी छताची नक्षी बघू लागलं, कुणी स्वतःचे जोडे.

"प्रधानजी, काही पाहिलंत?" राजानं दरडावून विचारलं.

"छे छे, महाराज! मी तर डोळे मिटून आपल्या पराक्रमाचं चिंतन करत होतो."

"सेनापती?"

"मी दाराकडे बघत होतो, महाराज. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही पाहिलं नाही!"

खांबाआड केर भरत असलेली भिवरा मात्र हसू दाबत होती. महालाची झाडलोट तिच्याकडे होती. नेमकी तीच राजाच्या नजरेला पडली.

"हिनं जाळं का नाही काढलं?"

"महाराज," भिवरा हळूच म्हणाली, "सिंहासनावरचं छत झाडायचं तर शिडी लावावी लागते. शिडीवर चढलं की माणूस महाराजांच्या डोक्याहून उंच होतो. आणि महाराजांहून उंच होणाऱ्याला चाबकाचे फटके, असा महाराजांचाच कायदा आहे."

राजानं वर छताकडे पाहिलं. पण चूक कबूल करील तो राजा कसला!

"तोंड वर करून बोलतेस? तो साधा कोळी नव्हता. शत्रूचा हेर होता हेर! आणि तू त्याला आसरा दिलास. उद्या दरबार भरेल तेव्हा तोच कोळी मला जिवंत हवा. तोच! दुसरा चालणार नाही. नाहीतर तू आणि तुझी म्हातारी आई, दोघी राज्याबाहेर!" मग दरबाराकडे वळून तो म्हणाला, "आणि जो कुणी त्या हेराला पकडून देईल, त्याला सोन्याचं कडं!"

भिवरा घरी आली. आईनं ऐकलं मात्र, तिनं डोक्याला हात लावला. "अगं, या वयात मी कुठं जाऊ? आणि कोळी का नाव सांगतो, मीच तो म्हणून?"

"नाही सांगत ना?" भिवरा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली. "मग झालं तर. तू भाकरी थाप, आई."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला तो डब्यांनी! प्रधानजींनी चांदीच्या करंड्यात कोळी आणला होता. सेनापतींनी आणला लोखंडी पेटीत, वर दोन पहारेकरी. राजवैद्यांचा काचेच्या बरणीत. सोन्याच्या कड्यासाठी सगळ्यांनी आपापल्या घरचे कोपरे धुंडाळले होते.

"हाच तो हेर, महाराज! याची नजर बघा, कशी कपटी आहे!"

"तो कसला हेर! माझ्या कोळ्यानं काल रात्रीच गुन्हा कबूल केला!"

भिवरा आली ती रिकाम्या हातांनी.

"तुझा कोळी कुठाय गं?" राजा गरजला.

"इतके सगळे आणलेत की, महाराज. आता मी आणखी कशाला भर घालू? यातलाच एखादा असेल. फक्त ओळख पटवायची राहिली." ती पुढे झाली. "आमच्याकडे शेळी चोरीला गेली आणि सापडली, तर ज्याची शेळी त्यानंच ओळखायची असते. गुन्हेगाराला तर महाराजांनी अगदी नाकासमोर पाहिलंय. एकेकाला उचलून नीट बघावं आणि सांगावं."

तिनं सेनापतींच्या पेटीचं झाकण उघडलं. आतून एक केसाळ पाय बाहेर आला.

राजा सिंहासनात मागे सरकला. "दुरून! दुरून दाखव!"

"एवढासा जीव, महाराज, दुरून कसा दिसेल? हातावर घ्या ना. वाघ लोळवणारे हात आहेत!"

"प्रधानजी! तुम्ही ओळखा!"

प्रधानजी दोन पावलं मागे सरले. "महाराज, मी कालच सांगितलं... मी काहीच पाहिलं नाही."

"सेनापती!"

"मी शपथ घेतलीय, महाराज! आता शपथ कशी मोडू?"

भिवरा पेटी घेऊन एक पायरी चढली. मग दुसरी. कोळी पेटीच्या काठावर येऊन बसला.

"थांब! थांब म्हणतो ना!" राजा ओरडला. "मी कसा ओळखू? माझे डोळे मिटलेले होते!"

भिवरानं अलगद झाकण लावलं.

"मग, महाराज, एकच विचारते. ज्याला महाराजांनी पाहिलं नाही, प्रधानजींनी पाहिलं नाही, सेनापतींनी तर शपथेवर पाहिलं नाही, तो कोळी काल दरबारात आला होता, असं म्हणतंय तरी कोण? आणि जो आलाच नाही, तो मी आणू कुठून?"

राजानं प्रधानाकडे पाहिलं, सेनापतीकडे पाहिलं, त्या डब्यांच्या रांगेकडे पाहिलं. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग तो असा खदखदून हसला, की मुकुट पुन्हा एकदा घरंगळला!

"हरलो, पोरी! तू इथंच राहायचं, आईसकट." त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं. "आणि ज्यानं जो हेर पकडलाय, त्यानं तो आपल्याच शेजघरात नजरकैदेत ठेवावा!"

प्रधानजींनी आपला करंडा हळूच राजवैद्यांकडे सरकवला.

"पण खरं सांग," राजा वाकून हळू आवाजात म्हणाला, "तुला नाही भीती वाटत कोळ्याची?"

"वाटते की, महाराज!" भिवराही तितक्याच हळू म्हणाली. "पण मी किंकाळी फोडली, तर माना फिरवायला आमच्या घरात एवढी माणसं कुठली? मग मुकाट्यानं केरसुणी उचलते, झालं!"

राजा पुन्हा हसत सुटला. कशाला, ते दरबाराला कळलं नाही, पण सगळे त्याच्याहून मोठ्यानं हसले.