कौसाक्काचा गप्प अँप्लिफायर

आमच्या गडहिंग्लजची कौसाक्का भंगारातले जुने ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर विकत घेते, आतले फुगलेले कपॅसिटर बदलते आणि नव्यासारखे वाजवून दाखवते. देवळातल्या भजनाला तिचाच घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात साऊंडवाले रणजितशेठ आपलं चकचकीत नवं यंत्र घेऊन हजर झाले.

"चौथी शिकलेल्या बाईचं भंगार देवापुढं ठेवता होय?" असं म्हणून त्यांनी अर्धा तास वॅट नि बेस ऐकवले. दुसऱ्या कुणाला बोलूच देईनात. कौसाक्काचं तोंड उतरलं. गावासमोर भंगारवाली ठरली, तर पुन्हा तिच्या दारात कोण येणार?

मग ती उठली. "शेठ, दोन्ही चालू करा. माइक जोडू नका, गाणं लावू नका. आवाजाचं बटण तेवढं पुरतं फिरवा."

शेठचं यंत्र घूंऽऽ करायला लागलं. कौसाक्काचं शांत.

"हे तर मेलेलंच आहे!" शेठ हसले.

तिनं आपल्या यंत्राचं बटण थोडं मागं फिरवलं, माइक जोडला आणि टाळ वाजवला. आवाज पार गाभाऱ्यापर्यंत खणखणला.

"मेलेलं नाही, शेठ," कौसाक्का म्हणाली. "आत काही नसलं की गप्प बसायचं, एवढंच शिकवलंय मी त्याला. तेवढं चौथीपर्यंत शिकवतात."

शेठनी मुकाट्यानं आपलं बटण बंद केलं.