वैजू पुढे गेला का?

"माई, तो माझ्या आधी इथून गेला ना? खरं सांगा."

सायकलवरून पाय खाली टेकायच्या आधीच शार्दूलनं विचारलं. त्याला धाप लागली होती, हेल्मेट घामानं डोक्याला चिकटलं होतं, आणि डोळे मात्र मातीत टायरचे ठसे शोधत होते.

रेवामाई वाघजाईच्या देवळापुढे शेंगा फोडत बसली होती. खिंडीतल्या या देवळात ती एकटीच राहते. डोंगरवाटेनं सायकल हाणणारी पोरं दर रविवारी तिच्या पायरीवर टेकतात, पाणी पितात, पुढे जातात. शार्दूल तर स्वतःला तिचा शिष्य म्हणवतो. शिष्य म्हणजे काय, तर माईनं न विचारता तो तिला आपल्या वेगाबद्दल सांगतो.

"आधी रामराम तरी घाल," माई म्हणाली.

"रामराम. वैजू गेला का?"

"कुनी न्हाई गेलं."

"कुणीच नाही?"

"न्हाई."

शार्दूलचा विश्वास बसला नाही.

वैजू म्हणजे वैजनाथ, त्याचा जोडीदार. दोघांनी सगळे डोंगर एकत्रच पालथे घातले होते. एकाचं चाक पंक्चर झालं की दुसरा खाली बसायचा. पण या वर्षी हिमालयातल्या मोठ्या शर्यतीला क्लबातून एकालाच पाठवायचं ठरलं. आज जो आधी खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरेल, तो जाणार. क्लबाचे सर तिथं घड्याळ घेऊन उभे होते. हे ठरलं त्या दिवसापासून शार्दूलच्या मनात पाल चुकचुकत होती, आणि ती काही गप्प बसायचं नाव घेईना.

त्याची नजर पायरीवर गेली. दोन फुलपात्रं शेजारी शेजारी ठेवलेली.

"दुसरं कुणाचं?"

"त्याचं."

"म्हणजे येऊन गेला!"

"भरल्यालं हाय, बाळा."

शार्दूलनं वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं नव्हतं.

"न पिताच गेला असेल. घाई असणार त्याला."

माईला हसू आलं. "सकाळी खालच्या धारेवर तुमी दोघं दिसला, म्हनून दोन भरली. एवढंच हाय त्यात."

"मग तो गुरांच्या वाटेनं गेला. देवळाच्या खालून जाते ती, कारवीच्या झाडीतनं. खिंड टाळून थेट पलीकडच्या उतारावर निघते."

"मला ठावं हाय. तुला कशी ठावं?"

"परवा येऊन बघितली," शार्दूल पुटपुटला. "नुसती बघून ठेवली. जाणार नव्हतो मी."

"चोराच्या मनात चांदनं."

शार्दूलचे कान लाल झाले. त्यानं खिशातून फोन काढून माईपुढे धरला.

"तुम्हाला पटत नाही ना? हे बघा. किती वेळा लावला. वाजतोय, उचलत नाही. मुद्दाम करतोय."

माईनं फोनकडे पाहिलंच नाही. "शेवटचा कुठं दिसला तुला?"

"खडकाच्या वळणावर. माझ्या मागंच होता. तिथून घळीच्या कडेकडेनं उतार लागतो ना, तिथं मी सुसाट सोडली. मग त्यानं मागून हाक मारली."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मला थांबवायला! जुनी खोड आहे त्याची. मागून नावानं ओरडायचं, की पुढचा वळून बघतो आणि त्याचा वेग मोडतो." शार्दूलनं छाती पुढे काढली. "आज नाही फसलो."

माईचे हात थांबले.

"किती हाका मारल्या?"

"दोन."

"आन् मग?"

"मग नाही मारल्या."

आपणच बोललेलं शार्दूलला उशिरा ऐकू आलं. त्यानं आल्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. एवढ्या वेळात वैजू चालत जरी आला असता तरी पोहोचला असता. शार्दूलला ती घळ आठवली. शर्यतीच्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी होती, आणि ती त्याला अजिबात नको होती.

"पण माई..." त्याचा आवाज चिरकला. "युक्तीच असली तर? तो तसलाच आहे. मी एवढा डोंगर परत उतरून जायचं, आणि तो तिकडं सरांच्या शेजारी चहा पीत बसलेला असायचा!"

माई आल्या वाटेकडेच बघत होती.

"शर्यत जाईल माझी. वर्षभर मरमर मेलोय मी तिच्यासाठी. सगळा क्लब हसेल. तो तर सगळ्यात आधी हसेल!"

माई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदरातली टरफलं तिथंच सांडली. तिनं सायकलचं हँडल धरलं, सायकल जागच्या जागी फिरवली आणि तिचं तोंड आल्या वाटेकडे केलं.

मग तिनं शार्दूलच्या डोक्यावर, त्या घामेजल्या हेल्मेटवर, हात ठेवला.

"जा," ती म्हणाली. "देवी करो आन् तुझा संशय खरा निघो."