भरली झोळी

"माई, उद्या तासभर आमच्या डेअरीत काही गडबड होऊ नये, एवढा आशीर्वाद द्याल?"

गोदामाई मठाच्या ओसरीवर उपासाची वरई निवडत बसल्या होत्या. समोर हेरंब. लहानपणी गीतेचा अध्याय याच ओसरीवर, त्यांच्यापुढे बसून पाठ केलेला. आता डेअरीत इंजिनियर झाला, तरी अडलं की इथेच येई.

"गडबड म्हणजे काय रे?"

"दूध तापवायला वाफ सोडतात ना, ती कमीजास्त करणारं यंत्र आहे. केव्हा आणि किती, ते आजवर माणूस ठरवून देई. मी त्याला स्वतःच शिकायला लावलंय. ते वाफेला जरासा धक्का देतं, दूध कसं तापतं, कसं निवतं ते बघतं, आणि आपलं आपण ठरवतं."

"गुणी आहे की."

"पाणी भरून पाहिलं तेव्हा फार सुरेख चाललं, माई. खऱ्या दुधावर मात्र... मध्येच गार दुधाचा टँकर येतो. शेजारच्या खात्यातले लोक त्याच नळातून वाफ ओढतात. यंत्राला वाटतं, हे सगळं आपल्याच धक्क्यानं झालं. मग भलतंच शिकतं. मागच्या खेपेला सगळं दूध परत तापवावं लागलं."

"मग?"

"उद्या तासभर चाचणी, तीच शेवटची संधी. जमलं नाही तर साहेब यंत्र काढून ठेवणार. माझी सगळी मेहनत..."

माईंनी वरईतला एक खडा बाजूला ठेवला.

मठाचा स्वयंपाक करणारी शेवंता लेकीचं ओलं दुपटं बदलत होती. पोर रडत होती. आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी रिकामी लोंबत होती.

"हेरंबा, चुलीवर नैवेद्याचं आहे. शेवंताला मोकळी कर. पोरीला झोका दे. फार नको, अगदी कमीही नको. तिला झोप येईल एवढा. शोधून काढ."

हेरंब हसला. हे तर त्याच्याच कामातलं. उठला आणि झोळीला हात घातला.

"अरे, रिकामी झोळी हलवू नये."

"अंदाज घेत होतो, माई."

"कुणाचा?"

त्यानं हात मागे घेतला.

शेवंतानं पोर झोळीत ठेवली आणि ती चुलीकडे गेली. हेरंबानं हलकाच झोका दिला. तेवढ्यात पोरीनं पाय झाडले. झोळी वेडीवाकडी हेलकावली. आपला झोका जास्त झाला, असं वाटून त्यानं पुढचा कमी दिला. पोर रडायला लागली. त्यानं जोर वाढवला. पोर वळवळली. त्यानं पुन्हा कमी केला.

"दादा," आतून शेवंता म्हणाली, "झोपवताय की जागवताय?"

हेरंबानं बाहीनं कपाळ पुसलं.

"माई, ही हलतेय म्हणून जमत नाही. घटकाभर स्वस्थ पडली, तर बरोबर सांगतो."

"स्वस्थ पडली, तर झोका कशाला हवा रे?"

माई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. त्यांनी हेरंबाचा हात आपल्या हातात घेतला आणि झोळीच्या पोटाखाली टेकवला. ढकलला नाही. नुसता टेकवला.

पोरीनं पाय झाडले. झोळी थरथरली, शांत झाली. पुन्हा झाडले. पुन्हा शांत झाली.

"हे कुणाचं?"

"हिचं," हेरंब हळूच म्हणाला.

माईंनी त्याचा हात सोडला. तो तसाच थांबला. मग पोरीचे पाय थांबले तेव्हा त्यानं एक बारीकसा झोका दिला.

"आणि हे?"

"हे माझं."

पुन्हा पाय झाडले, तेव्हा त्यानं हात नुसता टेकवून ठेवला. थांबले, तेव्हा झोका दिला. चुलीवर काहीतरी रटरटत होतं. पोरीची मूठ सैल झाली, डोळे मिटले.

हेरंब तरी तसाच राहिला, हात झोळीखाली.

"माई, आधी नुसतं टेकून बघायचं, आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे यंत्राला कुणी शिकवलंच नाही. मीच नाही शिकवलं. आज जाऊन..."

"हळू बोल. जागी होईल."

तो वाकला, माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. तो आशीर्वाद पुन्हा मागायचं राहून गेलं.

माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या दूध भरपूर येवो, बाळा. वेळी-अवेळी येवो."