पोचलं का?

“पण बाई, भिंतीच आड येत असतील तर?” हृषीकेशने विचारलं.

रेगेबाई शेंगदाणे सोलत राहिल्या.

मिरजेतल्या एका शाळेचं सभागृह. व्यासपीठावर सहा जण आपापला लॅपटॉप पुढ्यात घेऊन मांडी घालून बसले होते. बाईंनी हयातभर सतार शिकवली आणि साठी उलटल्यावर हा लॅपटॉपांचा वाद्यवृंद जमवला. प्रत्येकाचा आवाज वेगळा, ताल मात्र एकच. तो हृषीकेशच्या लॅपटॉपवरून वायफायने सगळ्यांकडे जायचा. निदान जायला हवा होता.

संध्याकाळी कार्यक्रम होता. हृषीकेशची पहिलीवहिली रचना त्यात वाजायची होती, आणि दुपारपासून ती लंगडत होती. केतकीची सम येऊन जायची, मग फिरोजची यायची, वरातीत मागे राहिलेल्या पाहुण्यासारखी.

“असंच राहिलं तर तुझी रचना गाळावी लागेल,” बाई म्हणाल्या. “जुनीच वाजवू.”

हृषीकेशचा चेहरा उतरला. पण हार मानेल तर तो हृषीकेश कसला! नेटवर्कच्या विषयात कॉलेजात पहिला आलेला. त्याने राउटर इकडून तिकडे नेला होता, वायफायचं चॅनेल बदललं होतं, सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका पिशवीत कोंबले होते. शिपाईमामांना पंखासुद्धा लावू दिला नव्हता. बिचारे मामा बाहेर जाऊन बसले.

“राउटर जुना आहे. भिंती दगडी आहेत. आणि फिरोजचा लॅपटॉप तर…”

“आणि अंगण वाकडं,” बाई म्हणाल्या.

फिरोज खुदकन हसला.

“थट्टा नका करू बाई. मी काही झोपलेलो नाही. प्रत्येक ठोका पोचला की नाही हे विचारणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय. पहारा ठेवलाय पहारा! उशीर वाढला की तो आणखी भराभर विचारतो.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. आणि प्रत्येकाचं उत्तर आलंच पाहिजे.”

“वा!” बाईंनी हातावरची टरफलं झटकली. “जरा त्रिताल म्हण बघू, हाताने टाळी देत. मी विचारलं की उत्तर द्यायचं. लय मात्र सोडायची नाही.”

हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ होता. त्याने ऐटीत टाळी दिली.

“धा धिं धिं धा…”

“पोचलं का?”

“हो. धा धिं…”

“पोचलं का?”

“हो बाई. धिं…”

“पोचलं का? पोचलं का?”

“हो! हो! तिं… नाही, धा…”

जिथे टाळी द्यायचीच नसते, त्या खालीच्या मात्रेवर टाळी पडली. केतकी ओढणीत तोंड लपवून हसायला लागली.

“अहो बाई, तुम्ही सारखं विचारताय म्हणून तर चुकतंय!”

बाईंनी पुढचा शेंगदाणा सोलायला घेतला.

हृषीकेशचे कान लाल झाले.

“म्हणजे दुपारपासून हे लॅपटॉप बिचारे नुसतं हो हो करत बसलेत!”

त्याने आपला लाडका प्रोग्राम बंद केला आणि ताल पुन्हा सुरू केला.

सहाही जणांची सम एकदम पडली. फिरोज “क्या बात है!” म्हणून ओरडला. हृषीकेशला इतका आनंद झाला की तो टाळ्याच पिटू लागला. पण नेटवर्कवाल्याचा जीव तो, लगेच धास्तावला.

“पण बाई, आता ठोका पोचतोय की नाही, हे मला दिसणार कसं?”

बाई उठल्या. त्यांनी त्याचा लॅपटॉप बाजूला सरकवला आणि त्याला खांद्याला धरून वाजवणाऱ्यांकडे तोंड करून बसवलं.

“रचना तुझीच वाजणार,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सभागृह भरलं. लोक आपले मोबाइल घेऊनच आले, त्यांना कोण अडवणार? रचना सुरू झाली, रंगली, शेवटपर्यंत गेली. टाळ्या थांबेनात.

हृषीकेश धावत येऊन बाईंच्या पाया पडला.

“बाई, एकदाही अडलं नाही!”

“अडलं की. चांगलं दोन-तीनदा अडलं. पोरांनी सांभाळून घेतलं.”

“कधी?” तो थक्क झाला. “मग मला कसं कळलं नाही?”

बाई हसल्या…

“तेव्हा तू पहारा देत नव्हतास, ऐकत होतास.”