धरता न येणारी चड्डी

“…पण वस्ताद, कुणाला धरताच येऊ नये अशी चड्डी घातली, तर त्यात वाईट काय हाय?”

सिदू वस्ताद तालमीच्या हौद्यातली लाल माती फावड्याने वरखाली करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं वाईट म्हटलं?”

“मग व्हय म्हणा की.”

“आधी बघू तर दे.”

त्या तालमीची रीतच होती. जत्रेच्या मैदानासाठी घेतलेली नवी चड्डी आधी वस्तादांसमोर घालून दाखवायची. त्यांनी मान डोलावली तरच ती घालून कुस्तीला उतरायचं. पोरं याला चड्डीची परीक्षा म्हणत, आणि त्या परीक्षेत नापास होणारे पुष्कळ असत.

हंबीरला यंदा नापास व्हायचं नव्हतं.

गेल्या जत्रेत नदीपलीकडच्या मगदुमांच्या खंडूने त्याच्या चड्डीची कमरेची पट्टी धरली, त्याला उचललं आणि साऱ्या गावासमोर अस्मान दाखवलं. कुस्तीत पडणं कुणाला चुकलंय? पण गावातली कार्टी इरसाल. हंबीर रस्त्याने निघाला की ती आपापल्या चड्ड्या दोन्ही हातांनी गच्च धरून उभी राहत. वर्षभर हे चाललं होतं. यंदा पुन्हा खंडूशीच जोड लागली होती आणि हंबीरने घरी सांगून टाकलं होतं, या वेळी पडलो तर पुन्हा मातीत पाय ठेवणार नाही.

बोलेल ते करणारा गडी होता तो. वस्तादांना हे ठाऊक होतं, आणि असलं तयारीचं पोर हातचं जावं हे त्यांना मुळीच नको होतं.

हंबीर पहिली चड्डी घालून आला. शहरातून आणलेली, काळी, चकचकीत, अंगाला चिकटलेली. वरून तेलही चोपडलेलं. कमरेवर हात ठेवून तो ऐटीत उभा राहिला.

“धरून दावा, वस्ताद.”

वस्तादांनी हात घातला. हात घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला.

“झकास हाय,” ते म्हणाले.

हंबीरची छाती फुगली.

“आता एक बैठक मार.”

“एकच?”

“एक बास.”

हंबीर खाली बसला… आणि चर्रर्र असा आवाज झाला. मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. आत लंगोट होता म्हणून अब्रू राहिली, पण तालमीत असा हशा पिकला की आढ्यावरचे पारवे उडाले.

“दुकानात उभ्या उभ्या घालून बघितलीस व्हय रं?”

“व्हय.”

“आरशात?”

“…व्हय.”

“आरशासंगं लढायचं हाय का तुला?”

हंबीर तडक आत गेला आणि दुसरी घालून आला.

ही जाड कापडाची होती. फाटण्याची भीती नव्हती. तिला पट्टीच ठेवली नव्हती. कमरेपाशी कापड दुमडून आतून नाडी ओवलेली, आणि ती इतकी आवळलेली की बोटाचं टोकसुद्धा आत शिरू नये.

वस्तादांनी बोट घालून पाहिलं. शिरलं नाही.

“शाबास. आता शड्डू ठोक आणि खंडूला हाक मार.”

“आं?”

“‘ये रं खंडू’ म्हण. मैदानातल्या मागच्या माणसाला ऐकू गेलं पायजे.”

हंबीरने शड्डू ठोकला. तोंड उघडलं. पोटात श्वास मावेना. आवाज निघाला तो असा, की खंडू बिचारा आजाऱ्याला औषध पाजायला येतोय असं वाटावं.

भिंतीशी बसलेला मेहबूब हसून हसून आडवा झाला. तालमीतला सगळ्यात ताकदीचा पैलवान, पण हसू आलं की त्याच्या अंगात बळ म्हणून राहत नसे.

“लेका, खंडूचं निम्मं काम तूच करून ठिवलंस की,” वस्ताद म्हणाले.

आता मात्र हंबीरचा तोल गेला.

“हसा. हसा तुम्ही सगळी. पट्टी माझी धरली हुती त्यानं. त्या रस्त्यानं रोज मला जावं लागतंय.”

डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवायला त्याने तोंड फिरवलं.

मेहबूब उठून बसला. वस्तादांनी फावडं खाली ठेवलं.

“हंबीर.”

त्याने पाठमोऱ्यानेच डोळे पुसले.

“त्यानं पट्टी धरली, तवा त्याचं हात कुठं हुतं?”

“पट्टीवर.”

“आणि तुझं?”

हंबीरने जरा आठवून पाहिलं.

“…पट्टीवरच. सोडवत हुतो.”

“म्हंजी चार हात एका चड्डीवर. मग कुस्ती कोण खेळत हुतं?”

हंबीरने तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

वस्ताद आतल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने स्वतःची चड्डी चढवून बाहेर आले. बघण्यासारखी नव्हती ती. खादीसारखं राठ कापड, दोन पदरी. प्रत्येक शिवणीवर दुसरी शिवण. मांड्यांशी ऐसपैस, आणि दोन्ही पायांच्या मधे कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडलेला, पाय कितीही फाकले तरी ताण येऊ नये म्हणून. कमरेला चांगली चार बोटं रुंद पट्टी, आत कापडाच्या घड्या घालून जाड केलेली.

“एवढी रुंद?” हंबीर म्हणाला. “ही तर आंधळ्यालाबी घावंल.”

“मग धर.”

“वस्ताद, तुमचं वय…”

“वय नगं. पट्टी धर.”

हंबीरने दोन्ही हातांनी धरली. अशी पकड त्याला जन्मात मिळाली नव्हती. बोटं पट्टीत घट्ट बसली. त्याला एकदम खंडूचा हेवा वाटला.

“बसली का पकड?”

“बसली की.”

“सुटंल का?”

“माझ्या बापाच्यानं सुटायची न्हाई.”

“छान. मग मला आता कशानं पाडणार?”

हंबीरने आपल्या हातांकडे पाहिलं.

तेवढ्यात वस्तादांनी त्याची दोन्ही कोपरं बगलेत दाबली, कमर फिरवली आणि त्याला उताणा केला. साठी उलटलेल्या माणसाने. जोर लावल्याची खूणसुद्धा चेहऱ्यावर नव्हती.

हंबीर पाठीवर पडला होता. पट्टी अजून त्याच्या हातातच होती.

“सोड आता, म्हंजी मला उठता येईल,” वस्ताद म्हणाले.

मग त्यांनी ती चड्डी उतरवून हंबीरला दिली आणि स्वतः लंगोटावर उभे राहिले. हंबीरने ती चढवली, नाडी बांधली. एक बैठक मारली. मग आणखी. मग उगाचच बेडकासारख्या उड्या मारल्या. कुठे काचलं नाही, कुठे ओढलं नाही. पोटभर श्वास घेऊन त्याने “ये रं खंडू!” अशी आरोळी ठोकली, तर पारवे पुन्हा उडाले.

“खंडू कशाला, मेहबूब हाय की,” वस्ताद म्हणाले. “मेहबूब, धर रं ह्येची पट्टी.”

मेहबूब मातीत उतरला. सुटलेली म्हैस दाव्याला धरून थांबवणारा गडी. सलामी झाली. उभ्या उभ्या थोडी खडाखडी झाली आणि त्याचे दोन्ही पंजे पट्टीत रुतले.

हंबीरचे हात सवयीने खाली निघाले.

“हं…” वस्ताद एवढंच म्हणाले.

हात वाटेतच थांबले.

गेल्या वर्षी असल्याच पकडीत हंबीर खाली मान घालून आपल्या चड्डीकडे बघत होता. आज त्याने समोर पाहिलं. मेहबूबची मान मोकळी होती, छाती मोकळी होती, दोन्ही बगला मोकळ्या होत्या. दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून घरमालक पट्टी धरून बसला होता.

हंबीरला हसू फुटलं. अगदी ऐन कुस्तीत.

हसता हसताच त्याने मेहबूबच्या मानेत हात घातला, पाय आडवा लावला आणि अंग झोकून दिलं. धप्प! माती उडाली. तालमीतल्या सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. मेहबूब खाली चीत, आणि पट्टी अजून त्याच्या मुठीत.

“या अल्ला,” मेहबूब खालूनच म्हणाला, “पकड तर काय झ्याक बसली हुती रं!”

हंबीरने त्याला हात देऊन उठवलं आणि मिठी मारली. वर्षभर छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं. इतका आनंद त्याला कुस्ती जिंकूनही कधी झाला नव्हता. त्याला वाटलं, जत्रा उद्याच असती तर किती बरं झालं असतं.

अंगावरची माती न झाडताच त्याने सदरा खांद्यावर टाकला.

“वस्ताद, मी असाच शिंप्याकडं जातो. कापड राठ सांगतो. शिवण दुहेरी सांगतो. मधी चौकोन जोडायला सांगतो.” दारापाशी जाऊन तो थांबला. “आणि पट्टीचं काय सांगू?”

सिदू वस्तादांनी पुन्हा फावडं उचललं होतं.

“चांगली रुंद ठिव म्हणावं. पाहुणा नदीपल्याडनं येणार… धरायला काय तरी नगं का त्येला?”