ब्रेकचा दाता

जनावरांनाही मंडळं काढायची हौस होती, त्या काळची ही गोष्ट. टेकडीवर एक जुनी मोटार गंजत पडली होती. कोल्ह्याने 'जुनी मोटारप्रेमी मंडळ' काढलं आणि तिला पुन्हा उभी करायला सगळे धावले. मोराने रंग आणला, अस्वलाने गाद्या, माकडाने भोंगा. ज्याने जे दिलं, त्यावर त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलं. भोंग्यावर तर माकडाच्या कैलासवासी आजोबांचंही नाव बसवलं.

ग्रीस लावायला गाडीखाली शिरायचं ते एकटं कासव. एक दिवस ते बाहेर येऊन म्हणालं, "कोल्हेसाहेब, इंजिन चालू झालं, पण ब्रेक नाहीत. कुणीतरी ब्रेक द्या."

"ब्रेक असतात कुठे?" मोराने विचारलं.

"खाली, चाकांच्या आत."

"म्हणजे नाव दिसणार नाही," असं म्हणून मोर आपल्या नावाला पॉलिश मारू लागला.

"उद्घाटन तोंडावर आलंय," कोल्हा खेकसला. "उगाच नाट लावू नकोस!"

उद्घाटनाला कासव सोडून सगळे गाडीत बसले. हार झाले, फोटो झाले, आणि गाडी उतारावरून सुसाट सुटली. भोंगा मात्र छान वाजत होता. पायथ्याच्या चिंचेवर धाडकन आदळली, तेव्हाच ती थांबली.

सगळे कण्हत बाहेर आले. चिंच कळवळली, "मेल्यांनो, माझी साल सोलवटली!"

"जरा हलू नका, चिंचाबाई," म्हणत कोल्ह्याने मोराकडून उरलेला रंग मागून घेतला आणि तिच्या खोडावर लिहिलं : 'ब्रेक. सौजन्य : कोल्हे परिवार.'