हिवराची पानगळ

फार जुनी गोष्ट. एका गावाच्या वेशीवर एकच हिवर उरला होता. बाकीचं सगळं रान गावातल्या चुलींनी खाल्लं होतं.

एके दिवशी गावात सूर्यचूल आली. कारभारी गोमाजीनं तिला हार घातला आणि फर्मावलं, "नवी वस्तू उन्हानं खराब व्हायची. ठेवा हिवराखाली."

गावातल्या सोनाईनं तिच्यात तांदूळ ठेवून पाहिले. सावलीत ते शिजणार कसे? "बिनकामाचं डबडं!" म्हणत, तांदूळ तसेच टाकून ती घरी गेली.

सूर्यचूल रडकुंडीला आली. "हिवरदादा, मला फक्त ऊन हवंय. मी तापले, तर तुझ्यावरही घाव पडणार नाही."

हिवराला पटलं. ऐन बहरात, काळजावर दगड ठेवून, त्यानं पानन्‌पान गाळलं. सूर्यचुलीवर लख्ख ऊन पडलं. तांदूळ रटरटू लागले.

इतक्यात गोमाजी तिथं आला. वर बघून तो ओरडला, "अरे, हिवर वाळला! आणा कुऱ्हाडी!"

"थांबा! भात होतोय!" सूर्यचूल ओरडत राहिली. घावांच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार?

कोसळता कोसळता हिवराला शिजलेल्या भाताचा वास आला. झाकण उघडून बघायला मात्र कोणालाच सवड नव्हती. सगळे त्याच्या फांद्या वाटून घेत होते.